सॅक्स नावाचा माणूस

मागच्या पी.एल.मधली गोष्ट आहे. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. होस्टेलच्या गेटसमोरून एक वरात चालली होती. अभ्यास थांबवायला एवढं कारण भरपूर झालं, त्यामुळे आमची अख्खी विंग गॅलरीत जमा झाली. बँडवाल्यांमध्ये लाल कोटातले एक काका होते. त्यांच्या हातात खाली जाऊन परत वर वळलेलं, अंगभर बटणं असलेलं एक चकचकीत पिवळं वाद्य होतं. ढोल, ट्रम्पेट, फटाके, जनरेटरची घरघर या सगळ्या गोंगाटात तो एकच आवाज वेगळा ऐकू येत होता. घसा बसलेला कोणीतरी माणूस मनापासून गातोय, असा.

तो सॅक्सोफोन आहे एवढं मला माहीत होतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या शाळेत बँड होता आणि मी त्यात ट्रँगल वाजवायचे, त्यामुळे या विषयात मी स्वतःला तज्ज्ञ समजते. माझ्या रूममेटने शांतपणे सांगितलं की हे वाद्य ट्रम्पेटच्या जातीचं नाही, बासरी आणि क्लॅरिनेटच्या, म्हणजे लाकडी सुषिर वाद्यांच्या जातीचं आहे. मी हसले. समोर धडधडीत पितळ चमकतंय आणि ही म्हणते लाकडी! दोन वडापावांची पैज लागली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन शोधलं आणि मी पैज हरले.

कारण असं की वाद्याची जात ते कशाचं बनलंय यावर ठरत नाही, ते कसं चालतं यावर ठरते. ट्रम्पेटमध्ये वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात. सॅक्सोफोनमध्ये क्लॅरिनेटसारखी एक पातळ वेताची पत्ती थरथरते. म्हणून तो अंगाने पितळी आणि जातीने लाकडी. हे वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली. सितार, तबला कोणी शोधून काढला असं विचारलं तर वाद सुरू होतात. सॅक्सोफोन मात्र एका माणसाने ठरवून बनवलेलं वाद्य आहे. त्याचं पेटंट आहे, तारीख आहे, आणि त्या माणसाचं आडनावच वाद्याला चिकटलेलं आहे. मग पी.एल.चे दोन दिवस त्या माणसातच गेले. पेपरचं काय झालं ते विचारू नका. पण त्याची गोष्ट आपल्यासारख्या इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांनी वाचावी अशी आहे, म्हणून लिहिते आहे.

ॲडॉल्फ सॅक्सचा जन्म 6 नोव्हेंबर 1814 रोजी दिनाँ या गावी झाला. हे गाव आजच्या बेल्जियममध्ये, म्यूज नदीच्या काठावर आहे. तेव्हा बेल्जियम नावाचा देशही नव्हता, तो 1830 मध्ये झाला. दिनाँची प्रसिद्धी तांब्या-पितळेच्या कामासाठी. आपल्याकडे तांबट आळी असते तसं ते गावच तांबटांचं म्हणायला हरकत नाही. ॲडॉल्फचे वडील शार्ल सॅक्स वाद्यं बनवायचे. मुलगा लहान असतानाच ते ब्रुसेल्सला गेले आणि तिथे राजदरबारासाठी वाद्यं पुरवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. घरात अकरा भावंडं होती, त्यांत ॲडॉल्फ थोरला.

हा पोरगा वाचला हेच आश्चर्य. तो तीन मजले उंचीवरून खाली पडला आणि डोकं दगडावर आपटलं. दूध समजून ॲसिड मिसळलेलं पाणी प्यायला. टाचणी गिळली. बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजला. व्हार्निश लावून वाळत ठेवलेल्या वस्तूंच्या खोलीत झोपला आणि त्या वाफांनी गुदमरला. डोक्यात फरशीचा दगड पडला. नदीत वाहून जाताना कोणीतरी बाहेर काढलं. त्याच्या चरित्रात हे सगळे अपघात सांगतात. आईला वाटायचं की हा मुलगा काही जगत नाही, आणि शेजारीपाजारी त्याला छोटं भूत म्हणायचे. यातले एक-दोन अपघात नंतर पदरचे घातलेले असतील असं समजलं, तरी उरतात ते एका आयुष्याला पुष्कळ झाले.

वडिलांच्या वर्कशॉपमध्ये तो लहानपणीच हत्यारं चालवायला शिकला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तो ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात बासरी आणि क्लॅरिनेट वाजवायलाही शिकला, आणि चांगला शिकला. वाद्य बनवणारे पुष्कळ होते, वाजवणारे पुष्कळ होते. दोन्ही करणारे कमी. स्वतःच्या बोटांना जे अडतंय ते स्वतःच्या कानशीने दुरुस्त करायचं, अशी ही पद्धत. सोळा वर्षांचा व्हायच्या आतच त्याने हस्तिदंताच्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट करून प्रदर्शनात मांडले. 1838 मध्ये त्याने बास क्लॅरिनेटचं पेटंट घेतलं. खर्जातला हा क्लॅरिनेट त्याच्या आधी होता, पण बेसूर आणि वाजवायला कटकटीचा. सॅक्सने भोकांच्या जागा आणि आकार ध्वनिशास्त्राच्या हिशोबाने ठरवले, आणि भोकं बोटांच्या आवाक्याबाहेर गेली तर तिथे पोचायला लिव्हर आणि झाकणं लावली. आजचा बास क्लॅरिनेट त्याच्याच पायावर उभा आहे.

1841 च्या ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळेल असं वाटत होतं. पण परीक्षकांनी त्याला एवढ्यासाठी वगळलं म्हणतात की तो अजून लहान आहे, आत्ताच सर्वोच्च बक्षीस दिलं तर पुढच्या वर्षी काय देणार? त्यांनी देऊ केलेलं खालचं पदक त्याने घेतलं नाही. सव्वीस वर्षांचा माणूस लहान! ज्यांनी कुठल्याही प्रोजेक्ट कॉम्पिटिशनमध्ये सिनिअर्सच्या मागे उत्तेजनार्थ बक्षीस घेतलंय त्यांना हे बरोबर समजेल. 1842 मध्ये तो जवळजवळ रिकाम्या खिशाने पॅरिसला निघून गेला.

तोपर्यंत त्याच्या डोक्यात, आणि हातातही, ते नवं वाद्य तयार होत होतं. त्याची अडचण काय होती ते बघा. त्या काळचे लष्करी बँड उघड्या मैदानात वाजायचे. क्लॅरिनेट, ओबो यांचा आवाज मैदानात विरून जायचा. ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं ऐकू यायची पण अंगावर यायची. मधलं काहीच नव्हतं. व्हायोलिन-चेलोसारखा मऊ, पण फुंकीच्या जोराने लांब जाणारा आवाज त्याला हवा होता.

दुसरी अडचण फिजिक्सची आहे. बारावीला आपण एका बाजूने बंद असलेल्या नळीचे हार्मोनिक्स पाठ केले होते, आठवतं? अशा सरळ नळीत फक्त विषम हार्मोनिक्स येतात. क्लॅरिनेट म्हणजे जवळपास तीच नळी. त्यामुळे वरच्या पट्टीत जायचं बटण दाबलं की सूर ‘सा’वरून वरच्या ‘सा’ला जात नाही, तर त्याच्याही पुढे वरच्या सप्तकातल्या पंचमाला जातो. परिणामी खालच्या आणि वरच्या पट्टीत त्याच स्वराला बोटं वेगळी. सॅक्सने नळी शंकूच्या आकाराची घेतली, तोंडाशी अरुंद आणि पुढे सतत रुंद होत जाणारी. शंकूत सगळे हार्मोनिक्स येतात. मग ‘सा’ बरोबर वरच्या ‘सा’ला जातो आणि बोटं तीच राहतात. त्या काळी ऑफिक्लाइड नावाचं शंकूच्या आकाराचं, बटणांचं मोठं पितळी वाद्य होतं, ते ट्रम्पेटसारखं ओठांनी वाजायचं. त्याच्या तोंडाशी क्लॅरिनेटची पत्ती बसवून पाहताना सॅक्सोफोन सुचला असावा, असं अभ्यासक मानतात. कल्पना एका ओळीची आहे. पण शंकू किती अंशाचा, भोकं कुठे आणि किती मोठी, झाकणं कशी, हे बसवण्यात त्याची वर्षं गेली.

सॅक्स एक गोष्ट ठासून सांगायचा. वाद्याचा आवाज ते कुठल्या धातूचं किंवा लाकडाचं आहे यावर नसतो, आतल्या हवेच्या स्तंभाच्या प्रमाणांवर असतो. माझी वडापावाची पैज मी इथेच हरले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हे पटायला जड गेलं, एवढंच माझं समाधान.

पॅरिसमध्ये त्याला एक मोठा माणूस भेटला. एक्तोर बर्लिओझ हा त्या काळचा प्रसिद्ध संगीतकार आणि त्याहून धारदार समीक्षक. त्याने सॅक्सची वाद्यं ऐकली आणि 12 जून 1842 रोजी वर्तमानपत्रात लेख लिहून त्याची ओळख पॅरिसला करून दिली. सॅक्सोफोनचं पेटंट व्हायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट आहे. 3 फेब्रुवारी 1844 रोजी बर्लिओझने आपली एक रचना सॅक्सच्या वाद्यांसाठी बसवून घेतली आणि त्यात सॅक्सोफोन स्वतः सॅक्सने वाजवला. वाद्य शेवटच्या क्षणापर्यंत पुरं झालेलं नव्हतं. सुतळी आणि लाखेने जोडून ते कसंबसं मंचावर आणलं होतं म्हणतात. सबमिशनच्या आदल्या रात्री सेलोटेपने ब्रेडबोर्ड धरून ठेवणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे तर!

पण शत्रू त्याच्या आधीच तयार झाले होते. 1843 मध्ये दोनीझेत्तीच्या ‘दोम सेबास्तियन’ या ऑपेरात सॅक्सचा बास क्लॅरिनेट वापरायचं ठरलं, तर वादकांनी वाजवायला नकार दिला आणि ते रद्द करावं लागलं. याचं कारण संगीताचं नव्हतं. पुष्कळ वादकांचे जुन्या वाद्य-कारखानदारांशी पैशाचे संबंध होते.

मग आला 1845 चा एप्रिल. फ्रेंच लष्कराचे बँड तेव्हा अगदी खालावलेले होते आणि सरकारला ते सुधारायचे होते. सॅक्सने आपली योजना मांडली. विरोधात होता लष्करी संगीत शाळेचा प्रमुख काराफा. शेवटी ठरलं की दोघांनी आपापले बँड घेऊन मैदानात यावं. 22 एप्रिल 1845 रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर, जिथे पुढे आयफेल टॉवर उभा राहिला तिथे, हा सामना झाला. सुमारे वीस हजार लोक जमले होते. काराफाचे पंचेचाळीस वादक जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन आले. सॅक्सचेही पंचेचाळीस यायचे होते, पण सात आलेच नाहीत, फोडले गेले असं बोललं गेलं. उरलेल्या अडतीस जणांनिशी सॅक्स उभा राहिला. दोन्ही बँड आळीपाळीने वाजले आणि लोकांनी निकाल सॅक्सच्या बाजूने दिला. सरकारनेही त्याच वर्षी त्याची वाद्यं लष्करी बँडमध्ये घ्यायचा हुकूम काढला.

इथे एक खुलासा. हा विजय मुख्यतः सॅक्सोफोनचा नव्हता, सॅक्सहॉर्नचा होता. व्हॉल्व्ह लावलेली पितळी वाद्यं आधीपासून होती, जर्मनीत जास्त. सॅक्सने त्यांतला गोंधळ काढून टाकला आणि लहानापासून मोठ्यापर्यंत एका घडणीचं, एकाच बोटकामाचं कुटुंब बनवलं. एक वाजवता आलं की दुसरं वाजवता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने स्टँडर्डायझेशन केलं. डिस्टिन नावाच्या एका इंग्लिश वादक कुटुंबाने ही वाद्यं इंग्लंडला नेली, आणि तिथले ब्रास बँड या वाद्यांवर उभे राहिले. इंग्रजांच्या लष्करी बँडबरोबर ही पितळी वाद्यं आपल्याकडे आली आणि तिथून लग्नाच्या वरातीत. म्हणजे त्या रात्री गेटसमोर जे काही वाजत होतं त्यात लाल कोटातल्या काकांशिवाय इतरांच्या हातातही सॅक्सची कारागिरी थोडीफार होती.

सॅक्सोफोनचं फ्रेंच पेटंट 1846 मध्ये झालं. त्यात सात-सातच्या दोन संचांचं कुटुंब मांडलेलं होतं, एक ऑर्केस्ट्रासाठी आणि एक लष्करी बँडसाठी. आज आपण जे सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन सॅक्सोफोन बघतो ते यातल्या लष्करी संचाचे वारस. ऑर्केस्ट्रासाठीचा संच जवळपास विस्मरणात गेला.

आता कोर्टाची कथा. लष्कराचं गिऱ्हाईक एकट्या सॅक्सकडे गेल्यावर पॅरिसच्या इतर वाद्य-कारखानदारांनी संघ काढला आणि त्याच्या पेटंटांवर खटले भरले. त्यांचे दावे मजेदार होते. एकीकडे म्हणायचं की सॅक्सोफोन हे वाजवण्याजोगं वाद्यच नाही, दुसरीकडे म्हणायचं की ते आधीपासून अस्तित्वात आहे. सॅक्सने उलटं आव्हान दिलं की मी पेटंट वर्षभर थांबवतो, तेवढ्यात तुमच्यापैकी कोणीही सॅक्सोफोन बनवून दाखवा. वर्ष गेलं, कोणालाच जमला नाही, आणि मग त्याने पेटंट घेतलं, असं सांगितलं जातं. खटले मात्र वर्षानुवर्षं चालले. सॅक्सने त्यांतले बहुतेक जिंकले. पण वकिलांची फी जिंकणाऱ्यालाही भरावी लागते. 1848 च्या क्रांतीत त्याचा आधार असलेलं सरकार गेलं आणि 1852 मध्ये त्याचं पहिलं दिवाळं निघालं.

त्याच सुमारास त्याच्या ओठावर गाठ आली. फुंकवाद्याच्या माणसाला ओठाचा कॅन्सर! काही वर्षं हे दुखणं वाढत गेलं, खाणंपिणंही कठीण झालं. शेवटी त्याने पॅरिसमध्ये ‘काळा डॉक्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका वैद्याकडून वनस्पतींचे उपचार घेतले आणि 1859 पर्यंत तो बरा झाला. पुढे त्या डॉक्टरवरच भोंदूगिरीचा खटला झाला. सॅक्सच्या आयुष्यात कोर्टाशिवाय कुठलीच गोष्ट पुरी होत नाही.

मधला काळ बरा गेला. तिसऱ्या नेपोलियनने 1854 मध्ये त्याला आपल्या सैन्याचा वाद्यकार नेमलं. 1857 पासून पॅरिसच्या प्रसिद्ध संगीत विद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवायला तो जाऊ लागला. त्या वाद्यासाठी लिहिलेलं संगीतच फारसं नव्हतं, म्हणून मित्रांकडून लिहून घेऊन त्याने ते स्वतः छापलं. वाद्य, वादक, शिक्षक, पुस्तकं, सगळी साखळी एकट्याने उभी करायचा हा खटाटोप होता.

आणि डोकं काही गप्प बसत नव्हतं. वाफेच्या इंजिनावर चालणारा आणि सगळ्या पॅरिसला ऐकू जाईल असा राक्षसी ऑर्गन त्याने कल्पिला. क्रिमियाच्या युद्धात एक अवाढव्य तोफ कागदावर काढली. आजाऱ्यांच्या खोलीतली हवा शुद्ध करण्यासाठी डांबराच्या वाफेचं यंत्र केलं. आवाज सगळीकडे सारखा पोचेल अशा सभागृहाचा नकाशा केला. काही कल्पना शहाण्या, काही निव्वळ वेडगळ. आमच्या वर्गातही असा एक जण आहे, त्याचं नाव सांगत नाही.

1866 मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट संपलं. आता कोणीही सॅक्सोफोन बनवू शकत होतं आणि अनेकांनी बनवले. 1870 मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, सम्राट गेला, विद्यालयातला सॅक्सोफोनचा वर्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला थेट 1942 मध्ये, बहात्तर वर्षांनी! 1873 मध्ये दुसरं दिवाळं निघालं, 1877 मध्ये तिसरं. आयुष्यभर जमवलेल्या जुन्या दुर्मिळ वाद्यांचा संग्रह लिलावात गेला. म्हातारपणी त्याने मासिकात आपली कैफियत छापून मदत मागितली. अखेरीस काही नामवंत संगीतकारांनी सरकारकडे त्याच्या मदतीसाठी अर्ज केला. 7 फेब्रुवारी 1894 रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

तो गेला तेव्हा सॅक्सोफोन म्हणजे लष्करी बँडमधलं एक वाद्य होतं. काही फ्रेंच संगीतकारांनी, उदाहरणार्थ बिझेने 1872 मध्ये, ते ऑर्केस्ट्रात वापरून पाहिलं होतं, पण तिथे त्याला कायमची खुर्ची मिळाली नव्हती. पुढची गोष्ट अमेरिकेत घडली. तिथल्या सूझासारख्यांच्या बँडमधून ते गावोगावी पोचलं, नाचगाण्याच्या थिएटरात गेलं, आणि मग जॅझवाल्यांच्या हाती लागलं. सिडनी बेशे, कोलमन हॉकिन्स, लेस्टर यंग, चार्ली पार्कर, जॉन कोल्ट्रेन. हॉकिन्सने 1939 मध्ये ‘बॉडी अँड सोल’ असं काही वाजवलं की टेनर सॅक्सोफोन म्हणजे काय हे पुढच्या पिढ्या त्यावरून शिकल्या. पार्कर चौतिसाव्या वर्षी गेला, कोल्ट्रेन चाळिसाव्या. दोघांनी मिळून त्या वाद्याची भाषाच बदलली. ज्याने मैदानातल्या कवायतीसाठी हे यंत्र बनवलं त्याच्या स्वप्नातही हे संगीत आलं नसेल.

आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड आणि त्यात वाजवणारे गोव्याचे वादक यांच्यामार्फत ते हिंदी सिनेमात शिरलं. आर. डी. बर्मनचे साथीदार मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, फक्त नाव माहीत नसतं. ते 2010 मध्ये गेले. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकलं आणि वर्षानुवर्षं मेहनत करून त्यावर चक्क कर्नाटक संगीत बसवलं. बटणांच्या वाद्यावर गमक काढायचे म्हणून त्यांनी वाद्यातही फेरफार केले. ते 2019 मध्ये गेले. वाजवणाऱ्याने वाद्य दुरुस्त करायचं ही सॅक्सचीच रीत झाली.

अशा लेखाच्या शेवटी जिद्द, चिकाटी आणि अंतिम विजय असं काहीतरी लिहायचं असतं. मला ते लिहिता येत नाही. सॅक्सला अंतिम विजय मिळाला नाही. बेल्जियमने त्याचं चित्र दोनशे फ्रँकच्या नोटेवर छापलं, दिनाँच्या पुलावर आज रंगीबेरंगी सॅक्सोफोन उभे आहेत, पण यातलं काही त्याच्या तीन दिवाळ्यांत उपयोगी पडलं नाही. आणि तो निव्वळ बिचारा होता असंही नाही. हेकट होता, भांडखोर होता. सरकारी हुकमाने सगळं लष्करी काम एका माणसाकडे गेलं तेव्हा इतर कारखान्यांतल्या कारागिरांच्या घरीही चुली होत्या. ते चिडले यात आश्चर्य नाही. त्याने त्यांना कोर्टात हरवलं, पण आपल्या बाजूला कधीच आणलं नाही. वाद्याच्या नळीतला प्रत्येक मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाने जमाखर्चाची वही तशी मोजली असती तर बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं. आपल्याला पेटंटबद्दल सिलॅबसमध्ये दोन-चार लेक्चर्स असतात. पेटंट मिळालं की संशोधकाचं कल्याण झालं, असा त्यावरून माझा समज झाला होता. तो गेला.

मी थर्ड इयरला आहे. पुढच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय घ्यायचा आहे. सेफ विषय घे, सिनिअर्सची फाईल मिळते, प्लेसमेंटकडे लक्ष दे, असा सल्ला सगळे देतात आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सॅक्सचं आयुष्य वाचून तर तो आणखीच पटतो. पण तरीही मी स्वतःचा विषय घ्यायचं ठरवलं आहे. कारण विचारलं तर नीट सांगता येणार नाही. आपल्याला आयुष्यभर उपयोगी पडेल अशी गोष्ट आणि आपल्यानंतर कोणीतरी वाजवेल अशी गोष्ट, या दोन वेगळ्या असू शकतात एवढं मला कळलं. दोन्ही जमल्या तर उत्तमच.

शेवटचं एक. परीक्षा संपल्यावर तेच बँडवाले पुन्हा आमच्या रस्त्याने आले. या वेळी आम्ही दोघी रेक्टर मॅडमची परवानगी काढून गेटपर्यंत गेलो. वरात चौकात अडली होती, म्हणून लाल कोटातल्या काकांनी आम्हाला वाद्य जवळून बघू दिलं. सॅक्स नावाचा माणूस त्यांना माहीत नव्हता. वाद्य त्यांच्या वडिलांचं होतं. एका बटणाची स्प्रिंग गेली होती, तिथे त्यांनी रबरबँड लावला होता, आणि एक झाकण दोऱ्याने बांधलं होतं. मला 1844 ची ती सुतळी आणि लाख आठवली. मी त्यांना ती गोष्ट सांगितली, तर काका हसले, आणि पुढे रस्ता मोकळा झाला म्हणून पत्ती ओली करून पुन्हा वाजवायला लागले. सूर अगदी बरोबर लागत होता.

वडापावाचे पैसे मी दिले आहेत.